पंडिता रमाबाई : परदेशात मराठी शिकवणाऱ्या बाई



मागच्या पालकसभेनंतर सगळे निघून गेले तरी एक आई वर्गातच थांबल्या होत्या. त्यांची थोरली मुलगी आमच्याच शाळेतून दहावी झालेली. पुढे एम. ए. केलं, फ्रेंचचे वर्ग केले आणि आता तिला परदेशातल्या शाळेत भाषा सहायक म्हणून अर्ज करायचा आहे. आईंना त्यातलं फारसं काही माहीत नव्हतं, पण त्यांचे प्रश्न मात्र नेमके होते. पगार किती मिळणार, राहायचं कुठे, जेवणाचं काय, तिथे कोणी जास्तीचं काम सांगितलं तर नाही म्हणता येतं का, आणि आपली पोर तिथे जाऊन बदलून गेली तर?

हे प्रश्न ऐकताना मला सारख्या पंडिता रमाबाई आठवत होत्या. आपल्याला त्या शारदा सदन आणि मुक्ती सदनाच्या रमाबाई म्हणून माहीत असतात. पाठ्यपुस्तकात, भाषणस्पर्धेत, जयंतीच्या फलकावर तेवढ्याच येतात. पण १८८३ साली मुंबईहून बोटीत बसून इंग्लंडला गेलेल्या रमाबाई तिथे पहिल्यांदा काय करत होत्या, ठाऊक आहे? त्या इंग्रज बायकांना मराठी शिकवत होत्या! आजच्या भाषेत सांगायचं तर त्या भाषा सहायक होत्या. वरचे सगळे प्रश्न त्यांच्यापुढेही उभे राहिले, आणि तेही पदरात दोन वर्षांची मुलगी असताना. म्हणून आजचा हा पाठ त्यांच्या त्या वर्षांबद्दल. बाकीचं आयुष्य लागेल तेवढंच सांगते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. आजच्या हिशेबाने ही जागा कर्नाटकात येते. वडील अनंतशास्त्री डोंगरे आणि आई लक्ष्मीबाई. बायकोला संस्कृत शिकवायचं, असं अनंतशास्त्रींनी ठरवलं आणि गावभावकीचा रोष ओढवून घेतला. पुढे उडुपीला पंडितांच्या सभेत त्यांना याचा जाब द्यावा लागला. शास्त्रांचे आधार देऊन त्यांनी आपली बाजू मांडली. रानात बिऱ्हाड थाटण्यामागे हेही एक कारण होतं. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तिथूनही बाहेर पडलं आणि तीर्थयात्रेला लागलं. तान्ह्या रमाबाईंना पेटाऱ्यात घालून नेलं होतं.

त्यांची शाळा म्हणजे रस्ता. संस्कृत शिकवलं आईने, भल्या पहाटे, सगळं तोंडी. भागवताचे हजारो श्लोक त्यांना पाठ होते. घरात मराठी, आणि बाहेर ज्या मुलखात असतील तिथली भाषा. कन्नड, हिंदुस्थानी आणि नंतर बंगाली त्या अशाच शिकल्या. आपल्या मीरा-भाईंदरच्या वर्गात बसलेल्या मुलांकडे बघा जरा. घरी गुजराती किंवा मारवाडी, गल्लीत हिंदी, शाळेत मराठी, आणि उत्तनकडून येणाऱ्या मुलांची तर घरची मराठीच वेगळ्या चालीची. आपण याला मुलांची अडचण समजतो आणि भाषेची सरमिसळ होते म्हणून तक्रार करतो. रमाबाईंचं भाषेचं भांडवल याच सरमिसळीतून आलं होतं.

दुष्काळात, १८७४ च्या सुमारास, थोड्याच अंतराने आई-वडील गेले, मागोमाग बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. रमाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्याही नव्हत्या.

त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या. इथून पुढचं नीट वाचा, कारण परदेशाची तयारी इथे सुरू होते.

पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला. मिस हरफर्ड नावाच्या बाईंकडे इंग्रजीचे धडे घेतले. संस्कृतात शास्त्रार्थ करणारी पंडिता इंग्रजीत मात्र पहिल्या इयत्तेत बसली, असं म्हणायला हरकत नाही. शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेलं हंटर कमिशन पुण्यात आलं तेव्हा रमाबाईंनी साक्ष दिली, आणि ती मराठीतच दिली. त्यांच्या मागण्या आपल्या कामाच्या आहेत. शिक्षिका व्हायला निघालेल्या बाईला आधी स्वतःची भाषा शुद्ध बोलता-वाचता आली पाहिजे, तिला चांगली शिष्यवृत्ती मिळाली पाहिजे आणि शिक्षिकांचा पगार पुरुष शिक्षकांपेक्षा जास्त असला पाहिजे, असं त्यांनी सांगितलं. (शेवटची मागणी आमच्या स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा काय झालं ते इथे लिहीत नाही.) मुलींच्या शाळा तपासायला बायका नेमा आणि बायकांना डॉक्टरकी शिकवा, असंही त्या म्हणाल्या.

डॉक्टरकी शिकायची त्यांचीही इच्छा होती. इथे सोय नव्हती, तेव्हा इंग्लंडला जायचं ठरलं. पैसे कुठून आणायचे? १८८२ मध्ये त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक लिहिलं होतं. त्याच्या विक्रीतून बोटीच्या भाड्याची सोय झाली. राहण्या-जेवणाचं त्यांनी वेगळं ठरवलं. इंग्लंडातल्या वॉन्टेज या गावी सेंट मेरी द व्हर्जिन नावाचा जोगिणींचा मठ होता. त्या मठाच्या सिस्टर्स पुण्यात काम करत होत्या, त्यांच्याशी रमाबाईंची ओळख होती. पुण्याला येणाऱ्या सिस्टर्सना मराठी यायला हवं होतं आणि रमाबाईंना इंग्रजी यायला हवं होतं. म्हणून करार असा झाला : रमाबाईंनी सिस्टर्सना मराठी शिकवायचं, आणि मठाने त्यांची राहण्या-जेवणाची व इंग्रजी शिकण्याची सोय करायची. फुकट काही नको, हा त्यांचा आग्रह होता. दान घेतलं की बांधील व्हावं लागतं, हे त्यांना माहीत होतं.

एप्रिल १८८३ मध्ये रमाबाई निघाल्या. सोबत मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाच्या मैत्रीण. मे महिन्यात त्या इंग्लंडला पोहोचल्या. या प्रवासाची हकिकत त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना लांबलचक मराठी पत्रात लिहून कळवली आणि तिचं त्याच वर्षी पुस्तकही निघालं. मित्रहो, परदेशी जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने ही एक सवय उचलावी असं मला वाटतं. पहिल्या महिन्यात जे डोळ्यांत भरतं ते सहाव्या महिन्यात दिसेनासं होतं. तेव्हा लिहायचं ते पहिल्याच महिन्यात, आणि आपल्या भाषेत.

आता वर्गात काय घडत असेल, त्याचा विचार करू. सिस्टर्सना रमाबाईंनी कोणता धडा कसा दिला, त्याचं टिपण माझ्यासमोर नाही, पण भाषा शिकवणाऱ्या माणसाला अडचणी कुठे येतात ते आपल्याला चांगलं माहीत आहे. मराठीचं व्याकरण तेव्हा छापलेलं होतं. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. म्हणजे साधनं होती. पण समोर बसलेल्या इंग्रज बाईला टेबल ‘ते’ का आणि खुर्ची ‘ती’ का, हे पुस्तक नाही समजावून सांगत. इंग्रजीत ‘वुई’ एकच, आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’. सिस्टर पुण्याला जाऊन शेजारणीला, आम्ही जेवायला बसू, म्हणाली तर शेजारीण उपाशी राहील ना! ‘ळ’ची तर गोष्टच सोडा. ‘बाळ’चं ‘बाल’ व्हायला वेळ लागत नाही आणि ‘काळ’चं ‘काल’ झालं तर अर्थच पालटतो. आपल्या भाषेतल्या अशा जागा आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण त्यात वाढलेलो असतो. दुसऱ्याला शिकवायला बसलं की त्या दिसायला लागतात. भाषा सहायकाचं निम्मं काम इथेच असतं. नुसती बोलता येते म्हणून शिकवता येते, असं होत नाही. मी हे अनुभवावरून लिहिते आहे. माझ्या वर्गात मध्येच दाखल झालेल्या अमराठी मुलांनी मला मराठीबद्दल जेवढं शिकवलं तेवढं बी. एड. च्या पुस्तकांनी शिकवलं नाही.

वर्ग बरे चालले असतील. वर्गाबाहेरचे दिवस मात्र कठीण होते. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचं मन त्या परक्या मुलखात सावरलं नाही आणि आल्यानंतर काही महिन्यांतच त्यांनी वॉन्टेजमध्ये स्वतःचं आयुष्य संपवलं. या घटनेचा रमाबाईंवर फार खोल परिणाम झाला. आपण जीवनचरित्र सांगताना हे वाक्य वगळून पुढे जातो. मी मुद्दाम वगळत नाही. परदेशी गेलेल्या मुलाशी बोलताना जेवलास का, थंडी किती आहे, एवढ्यावर फोन ठेवू नका. तिथे बोलायला कोणी आहे का, तेही विचारा. आणि तो गप्प गप्प वाटला तर ज्या शाळेत किंवा कॉलेजात तो आहे तिथे कोणाशी संपर्क साधायचा, ते नाव आणि नंबर निघण्याआधीच घरच्या वहीत लिहून ठेवा.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुण्यात एकच गहजब झाला. वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं, कालपर्यंत कौतुक करणारी मंडळी दुरावली. बाजू घेणारे थोडे. त्यात जोतीराव फुले होते. १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या अंकात त्यांनी रमाबाईंच्या बाजूने लिहिलं. पोर बदलून जाईल ही आईची धास्ती मी वर सांगितली, ती इथे खरी ठरल्यासारखी वाटेल. पण थांबा. ज्यांच्या घरी राहून त्यांनी हा धर्म घेतला त्यांच्याशीच पुढची तीन वर्षं त्यांचे खटके उडत राहिले.

जेवणाचंच बघा. रमाबाई शाकाहारी होत्या आणि दीक्षेनंतरही शाकाहारीच राहिल्या. अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा चालायचं नाही. मठातल्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धार्मिक शिक्षणाच्या जबाबदार होत्या. त्यांना हा जातीचा जुना पीळ वाटला. रमाबाईंच्या मते देवावरच्या श्रद्धेचा आणि ताटातल्या पदार्थांचा काही संबंध नव्हता. क्रॉसवर लॅटिन अक्षरं कोरायची तर माझ्या लोकांना कळेल अशी संस्कृत का नकोत, असाही त्यांचा मुद्दा होता. मनोरमेला कोणी काय शिकवायचं, यावरूनही तणाव झाला. आई म्हणून तो अधिकार त्यांनी सोडला नाही. सिस्टर जेराल्डीन वाईट होत्या, असं मात्र कृपा करून मुलांना सांगू नका. त्यांनी मनोरमेला जीव लावला आणि रमाबाईंची पत्रं जपून ठेवली, म्हणून तर हे सगळं आज आपल्याला वाचायला मिळतं. ती पत्रं १९७७ मध्ये ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाली.

डॉक्टर व्हायचं स्वप्नही याच काळात मोडलं. रमाबाईंना कमी ऐकू येत होतं आणि त्या कारणाने वैद्यकीय शिक्षण शक्य नाही असं ठरलं. ज्यासाठी समुद्र ओलांडला तेच हातातून गेलं. मग त्यांनी शिक्षणशास्त्राकडे मोर्चा वळवला.

१८८४ मध्ये त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात गेल्या. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील स्त्रीशिक्षणातलं फार मोठं नाव. रमाबाई तिथे इंग्रजी, गणित, विज्ञान शिकायच्या आणि संस्कृत शिकवायच्या. सकाळी विद्यार्थिनी तर दुपारी शिक्षिका, असा प्रकार. आजच्या भाषा सहायकांची रचनाही थोडीफार अशीच असते. अमेरिकेच्या फुलब्राइट भाषा सहायक कार्यक्रमात एका शैक्षणिक वर्षासाठी तिथल्या कॉलेजात आपली भाषा शिकवायची असते आणि सोबत स्वतः काही विषय शिकायचेही असतात. पदवी मात्र मिळत नाही आणि वर्ष संपलं की परत यावं लागतं. हे दोन मुद्दे घरी नीट समजून घ्या, कारण अमेरिकेला गेली म्हणजे एम. एस. करून येणार, असा समज इमारतीत पसरायला वेळ लागत नाही. कोणकोणत्या भारतीय भाषांसाठी अर्ज घेतात ती यादी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीतच बघावी. फ्रान्सच्या शाळांमधले इंग्रजी सहायक आठवड्याला १२ तास वर्गात असतात. तास कमी म्हणून भत्ताही बेताचा. भत्त्यातून घरभाडं वजा करून मगच आकडा बघावा.

चेल्टनहॅममध्ये जो प्रसंग घडला त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला, असं म्हटलं तरी चालेल. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांनाही भारतीय भाषा शिकवाव्यात अशी एक कल्पना पुढे आली. हिंदुस्थानात नोकरीला जाणाऱ्या इंग्रज तरुणांना भाषा लागायचीच. मिस बील यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पण मठाच्या मंडळींनी हिंदुस्थानातल्या बिशपांचं मत मागवलं. त्यांनी साफ विरोध केला. तरुण विधवेने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिची किंमत राहणार नाही, परत गेल्यावर तिच्या हातून काही काम होणार नाही, असा त्यांचा सूर होता.

आता गंमत बघा. विलायतेतली साहेबमंडळी एका हिंदुस्थानी बाईला सांगत होती की तुमच्या देशात हे चालत नाही! आणि ज्या बाईला सांगत होती तिने कलकत्त्यात भरसभेत पंडितांसमोर परीक्षा दिलेली, पुण्यामुंबईत पुरुषांपुढे व्याख्यानं दिलेली. रमाबाईंनी पत्र लिहून कळवलं की माझ्या आईने आणि मी तरुण मुलांना शिकवलं त्याला माझ्या वडिलांनी कधी हरकत घेतली नाही, नवऱ्यानेही घेतली नाही, मग तुमची हरकत बघून मला नवल वाटतं. मला स्वतःचा विवेक आहे, माझं बरंवाईट मी ठरवीन आणि फार कष्टाने मिळवलेलं स्वातंत्र्य कोणाच्या हाती देणार नाही, असा त्या पत्रव्यवहाराचा मतितार्थ. सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई, परका देश, डोक्यावरचं छप्पर त्याच मंडळींचं, सोबत लहान मूल. अशा स्थितीत आपण काय लिहिलं असतं? मी बहुधा, ठीक आहे, आपण म्हणाल तसं, असंच लिहिलं असतं.

रमाबाईंना हे लिहिता आलं, कारण त्या कोणाच्या आश्रित नव्हत्या. मराठी शिकवून त्या राहण्या-जेवणाचा मोबदला देत होत्या. तरीही एक अडचण होती, आणि तीही सांगायला हवी. करार तोंडी आणि प्रेमाचा होता. किती तास शिकवायचं, कोणाला शिकवायचं, कोणाच्या सांगण्यावरून, शिकवण्यापलीकडे मठाला आपल्याकडून काय अपेक्षा आहे, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मठाला वाटत होतं की आपण एका लेकीला सांभाळतो आहोत. रमाबाईंना वाटत होतं की आपण एक काम करतो आहोत. दोन्ही बाजूंची माणसं चांगली, तरी तीन वर्षं ओढाताण झाली.

माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या बाबतीत अगदी असंच घडलं. देशाचं आणि संस्थेचं नाव सांगत नाही. भाषा शिकवायला म्हणून गेली. पत्रात तासांचा आकडा नव्हता. तिथे पोहोचल्यावर वर्गाशिवाय वसतिगृहाची देखरेख, सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांची सरबराई, सगळं तिच्याच गळ्यात पडलं. भारतातून आलेली प्रेमळ मुलगी म्हणून सगळे कौतुक करायचे आणि काम वाढवायचे. शेवटी तिने घाबरत घाबरत मेल लिहून तासांचा हिशेब मागितला. एका आठवड्यात वेळापत्रक सुधारलं! कोणी रागावलं नाही, उलट आधी का नाही विचारलंस, म्हणाले. म्हणून त्या आईंना मी सांगितलं की मुलीने अर्ज जरूर करावा, पण होकार कळवण्याआधी पत्रात आठवड्याचे तास, वर्गाचा वयोगट, भत्ता, राहण्याची जागा, आरोग्यविमा, परतीचं तिकीट आणि वरिष्ठ कोण, एवढं लिहून आलं आहे का ते बघावं. नसेल तर नम्रपणे मागून घ्यावं. परदेशी लोकांना असं विचारणं उद्धटपणाचं वाटत नाही. आपल्यालाच उगाच वाटतं.

इंग्लंडचा मुक्काम १८८६ च्या सुरुवातीला संपला. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाई जोशी डॉक्टर होणार होत्या. त्या नात्याने रमाबाईंच्या दूरच्या आप्त. ११ मार्च १८८६ च्या पदवीदान समारंभाला रमाबाई अमेरिकेत हजर होत्या. ज्या पदवीसाठी आपण घर सोडलं, ती दुसरीला मिळताना त्या बघत होत्या. त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं असेल, हे मुलांना कल्पनेने लिहायला द्यायचा चांगला विषय आहे. मी आठवीला दिला होता. एका मुलीने लिहिलं की रमाबाईंनी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या असतील.

थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेल्या रमाबाई तिथे जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. फ्रोबेलच्या बालवाडी पद्धतीचं शिक्षण त्यांनी फिलाडेल्फियात घेतलं. मुळाक्षरांपासून पुढच्या इयत्तांपर्यंतची मराठी वाचनपुस्तकं तयार करायचं काम तिथे बसून हाती घेतलं. आज आपण बालवाडीत ठोकळे, मणी, मातीचे गोळे देतो ना, ती कल्पना मराठी मुलांसाठी आणणाऱ्या सुरुवातीच्या माणसांत रमाबाई आहेत. १८८७ मध्ये हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक, ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’, निघालं आणि खूप खपलं. म्हणजे पुण्यात मिस हरफर्डपुढे धडे गिरवायला बसल्यापासून पाचच वर्षांत इंग्रजीत ग्रंथ. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं आणि त्याने दहा वर्षं पैसे पाठवायचं कबूल केलं. या वेळी सगळं लेखी होतं बरं का! मुदत ठरलेली, उद्देश ठरलेला, समिती ठरलेली. वॉन्टेजमधून त्या काय शिकल्या, ते मला इथे दिसतं.

जपानमार्गे फेब्रुवारी १८८९ मध्ये त्या मुंबईला परतल्या आणि ११ मार्चला चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. सभेच्या अध्यक्ष होत्या काशीबाई कानिटकर. सदनातल्या पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाच्या एक बालविधवा होत्या. पुढे १८९३ मध्ये त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. अमेरिकेच्या मुक्कामावर रमाबाईंनी मराठीत पुस्तक लिहिलं, तेही १८८९ मध्येच.

पुढचा भाग तुम्हाला माहीत असेल, थोडक्यात सांगते. सदन १८९० मध्ये पुण्याला हललं. मुलींना ख्रिस्ती केलं जातं असा आरोप झाला, १८९३ मध्ये वादळ उठलं आणि कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की कोणावर सक्ती नाही, पण माझी प्रार्थना मी दार लावून करणार नाही. पालकांची भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही, आणि रमाबाईंची अडचणही मला कळते. शाळा चालवणाऱ्याची श्रद्धा आणि शाळेत येणाऱ्या मुलाचं घर यांच्यात अंतर किती ठेवायचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायका केडगावला आणल्या आणि तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. शेती, विणकाम, छापखाना, अंधांचे वर्ग, सगळं तिथे होतं. मनोरमा मोठी होऊन या कामात आईचा उजवा हात झाली.

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात रमाबाई पुन्हा भाषेच्या कामाकडे वळल्या. बायबलचं जे मराठी भाषांतर होतं ते त्यांना संस्कृताच्या बोज्याने जड झालेलं वाटत होतं. सदनातल्या साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी ते नव्याने करायला घेतलं. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृत पंडितेने संस्कृत शब्द वेचून बाहेर काढले! जुळणी आणि छपाई सदनातल्या मुलींनीच केली. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाईंनी कामात खंड पडू दिला नाही. भाषांतर हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचं निधन झालं.

त्या आईंची मुलगी सध्या अर्जाचे निबंध लिहिते आहे. मला तपासायला पाठवते. आपल्या भाषेतली एखादी गोष्ट परक्याला कशी शिकवाल, असा त्यात एक प्रश्न आहे. पहिल्या खर्ड्यात तिने मराठीच्या थोरवीबद्दल दोन पानं लिहिली होती. ती काढायला लावली आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ यातला फरक वर्गात खेळातून कसा शिकवशील ते लिही, असं सांगितलं. दुसरा खर्डा बराच बरा आला आहे.

कोणाला मुलांना घेऊन केडगावला जायचं असेल तर भाईंदरहून दादर, तिथून गाडीने पुणे आणि पुढे दौंडच्या बाजूला केडगाव स्टेशन. मुक्ती मिशन अजून चालू आहे. तिथे मुली आणि बायका राहतात, ते काही प्रेक्षणीय स्थळ नाही. तेव्हा आधी लिहून परवानगी घ्या आणि लहान गट न्या.